शेवटचं कडवं

(ध्वनिमुद्रणाची खोली. काचेच्या अलीकडे माइकसमोर आई, पलीकडे यंत्रापाशी मुलगी.)

आई : आता का थांबवलंस?

मुलगी : मधेच खोकलीस. शेवटचं कडवं परत घेऊ.

आई : परत? गाणाऱ्यांचेही असेच हाल करतेस का गं?

मुलगी : गाणारे पुढच्या आठवड्यात येऊ शकतात.

आई : आणि माझं उद्या ऑपरेशन. बोल की सरळ. स्वरयंत्र काढणार, हे डॉक्टरांनी तुझ्यादेखतच सांगितलंय.

मुलगी : म्हणूनच म्हणते, स्वच्छ झालं पाहिजे. कुठे अडखळलेलं नको. पाणी पी.

आई : खोकला काढलास, धाप काढलीस, तर उरेल ती कोण बाई? माझ्या तरी ओळखीची नाही.

मुलगी : वाच ना आई. वाद नंतर घालू.

आई : नंतर कशाने घालू?

(मुलगी मान खाली घालून यंत्राची बटणं सारखी करते.)

आई : बरं, चुकलं. कर चालू. 'वाट चुकले, तेव्हा कुणीतरी पाणी दिलं. नीट चालले, तेव्हा कुणी विचारलं नाही. जायचंच आहे, तर...' जायचंच आहे, तर...

मुलगी : कागद बघ.

आई : दिसत नाहीये. डोळे भरलेत मेले. थांब, माझीच कविता आहे, आठवेल.

मुलगी : 'जायचंच आहे, तर दाराला कडी कशाला? येईल त्याला दिसू दे रडवेलं तोंड.'

आई : तू तर म्हणायचीस, तुझ्या कविता मी वाचत नाही.

मुलगी : ही पाठ आहे. बाबा गेले तेव्हा खोलीला कडी लावून हीच लिहीत होतीस. मी बाहेर बसले होते. छापून आल्यावर वाचली आणि इतका राग आला तुझा. जगाला दार उघडं, मला मात्र बंद.

आई : तू मला रडताना बघू नयेस, असं वाटायचं. चूकच ती. जमत नव्हतं, म्हणून तर लिहिलं गं. जमत असतं तर दार उघडून तुला जवळ घेतलं नसतं का?

मुलगी : हे कधी बोलली नाहीस.

आई : आज तरी बोलले. भीती वाटतेय मला. ये इकडे, बस माझ्याजवळ.

मुलगी : मशीन चालू आहे, आई.

आई : असू दे. शेवटचं कडवं दोघी मिळून म्हणू.

मुलगी : माझा आवाज येईल त्यात.

आई : येऊ दे. उद्यापासून घरात तोच असणार आहे.