पोथीची फळी आन् माझा पाय

...आन् वर बुवा मलाच म्हनतात, "मच्छिंद्रा, पाय लावू नगं!" अहो, पायपेटी हाय ती! पाय न्हाई लावायचा तर काय डोकं लावू? पन जाऊ द्या, त्यांचे उपकार हायत, म्हनून मी बोलत न्हाई!

तुमाला सांगतो, गेल्या साली गुऱ्हाळावर माझा डावा हात चरकात गेला. उसाबरोबर पंजा आत गेला तो गेलाच. आता पेटीवाल्याचा उजवा हात सुरावर, डावा भात्यावर... भाता कोन मारनार? मिसरूड फुटल्यापासनं भजनी मंडळात पेटी वाजवतोय मी, आन् आता मागं बसून टाळ्या वाजवायच्या? त्या तरी कशानं वाजवू? बायको, चांगुणा, घरात रडायची, आन् मी गोठ्यात. अशात आमचे बुवा, आबासाहेब, नगरला गेले आन् मोडीत निघालेल्या नाटक कंपनीची पायपेटी घेऊन आले! माझ्यासाठी! हिला डावा हात लागत न्हाई, एवढंच ऐकून! कारखान्याच्या ट्रकमधनं, साखरेच्या पोत्यांवर निजवून! असली मानसं कुठं मिळतात, सांगा?

पन मांडली कशी? मी हुतो श्रीगोंद्याला, हाताची पट्टी बदलायला. येऊन देवळात बघतो तर पेटीला हार, म्होरं उदबत्ती... आन् भात्याला खालनं जोडायची फळी, पायानं दाबायची हो, टेलरच्या मशीनला असती तशी, ती पेटीच्या डोक्यावर! तिच्यावर पोथी! पोथीवर हळदकुंकू! आबासाहेब म्हनतात, "कंपनीवाल्यांनी पोथीला तिरकी फळी बी दिलीय बघ, काय सोय!" सोय? उपकार हायत, म्हनून बोलत न्हाई!

"वाजव," म्हनाले. मी सूर दाबला. पेटी गप. दुसरा दाबला. गप. "रुसली!" मागनं कोनीतरी म्हनलं, आन् लगेच नारळ फोडला! मग मी हळूच बोललो, "बुवा, ती फळी खाली पट्ट्याला अडकवायची... आन् तिच्यावर पाय..." झालं! "पाय? पोथीच्या फळीवर? मच्छिंद्रा, हाताबरोबर अक्कल बी गेली का रं?" बरं, अडकवली एकदाची. तर म्हनतात, पाय न लावता दाब! काठीनं दाबली, काठी निसटली. वीट ठेवली, तर फळी खाली जाऊन बसली, वर यायचं नावच न्हाई! शेवटी म्हनाले, लाव पाय, पन दर बारीला नमस्कार कर. आता मला एकच हात! नमस्काराला उचलला की सूर बंद, सुरावर ठेवला की पाप! एक ओळ म्हनायला सकाळ हुईल का न्हाई? उपकार हायत, म्हनून...

तेवढ्यात बुवांची आई, गोजरबाई, उठली. "आबा, सकाळी उठून भुईच्या पाया पडतूस. मग दिसभर काय उडत फिरतूस व्हय रं?" म्हातारीनं तांब्या आनला, माझा उजवा पाय परातीत घेतला आन् धुतला हो... माझ्या आईच्या वयाची बाई! पदरानं पुसला, कुंकू लावलं, म्हनली, "ह्यो आता तुजा हातच हाय. ठेव." ठेवला. पेटी बोलली! खोटं कशाला सांगू, पहिला सूर निघाला तवा मला कायबी दिसत नव्हतं, डोळ्यांत पानीच लई. बायकांत बसलेली चांगुणा बी रडली, पन ते रडनं येगळं. लई उपकार हायत हो, लई...

पन तवापासनं झालंय काय, तो पाय माझा राहिलाच न्हाई! येता-जाता पोरीबाळी त्याच्या पाया पडतात. उजव्याच्याच बरं! डाव्याला कोन इचारत न्हाई. तेल चोळायचं, उजव्याला. काटा बघायचा, उजव्याचा. काल उसाला पानी सोडलं हुतं, चिखलात उतरलो, तर बांधावरनं चांगुणा वरडली, "अवं! उजवा वर धरा! संध्याकाळी भजन हाय!"

काय करता... धरला!