पाच नंबरचा अलार्म

मी, घंटीवाले या नावाने ओळखला जाणारा, वय ४७ वर्षे, धंदा: घरांत व दुकानांत आगीचे अलार्म बसवणे, राहणार: गादी कारखान्याच्या वरचा पहिला मजला, आज दि. १४ रोजी, गुरुवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी पोलीस ठाण्यात आपणहून हजर राहून समक्ष जबाब देतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. गेली एकोणीस वर्षे मी हाच धंदा करतो. मी बसवतो ते अलार्म एकमेकांना बिनतारी जोडलेले असतात, म्हणजे स्वयंपाकघरात धूर झाला तर झोपायच्या खोलीतलाही वाजतो. आजवर माझ्या कामाबद्दल कोणाची तक्रार नाही. ही पहिली, आणि ती मी स्वतःच करत आहे.

दि. ४ रोजी, सोमवारी, माझी एकाच इमारतीत दोन कामे होती. तळमजल्यावर सोफा दुरुस्तीचे दुकान आहे. ते एक वयस्कर बाई चालवतात, त्यांना मी मावशी म्हणतो. तिथे चार अलार्म बसवायचे होते. दुसऱ्या मजल्यावर एक नवराबायको राहतात, तिथे पाच. त्या मजल्यावरचे समोरचे घर रिकामे आहे आणि पहिल्या मजल्यावर मावशींचे कापडाचे आणि फोमचे गोदाम आहे. म्हणजे दुकान आणि ते घर यांच्यामध्ये दिवसा माणूस नसतो.

सकाळी मी दुकानातले चार अलार्म बसवून एकमेकांना जोडले आणि बटण दाबून पाहिले. चारही वाजले. जोडणी झाली की जोडून घेण्याची सोय बंद करावी लागते, नाहीतर आसपास जो नवा अलार्म चालू होईल त्याला हे आपल्यात ओढून घेतात. मी ती बंद केली नाही. मावशींनी चहा सांगितला होता आणि त्या त्यांच्या गुडघ्यांची कैफियत सांगत होत्या. गुडघे ऐकता ऐकता मी विसरलो. जबाब लिहून घेणाऱ्या मॅडमनी गुडघे लिहिण्याची गरज नाही असे सांगितले, परंतु चूक तिथेच झाली म्हणून मी ते लिहून घेण्यास विनंती केली.

त्यानंतर मी वर गेलो. नवऱ्याने दार उघडले. त्याला मी साहेब म्हणत असे. स्वच्छ इस्त्रीचे कपडे, हळू बोलणे, मला बसायला खुर्ची दिली. बायको विसराळू आहे, शेगडी चालू ठेवते, म्हणून अलार्म हवेत, असे त्याने सांगितले. एक नंबर बैठकीत, दोन स्वयंपाकघरात, तीन पुढच्या खोलीत, चार पॅसेजमध्ये आणि पाच आतल्या खोलीत, असे मी बसवले. आतल्या खोलीच्या दाराला कडी बाहेरून होती आणि ती लावलेली होती. साहेबाने ती काढली तेव्हा आत पलंगावर त्याची बायको बसलेली होती. वय अंदाजे तीस. मी तेव्हा मनात म्हटले की जुन्या घरांत कड्या उलट्या असतात. विचारल्यावरून सांगतो की नाही, ती कडी जुनी नव्हती. तिचे स्क्रू चकचकीत होते. स्क्रू मला कळतात.

मी शिडीवर असताना ताईंनी, म्हणजे साहेबाच्या बायकोने, मला एकच गोष्ट विचारली, "दादा, हे वाजलं की किती लांब ऐकू जातं?" मी मोठ्या ऐटीत म्हणालो की सगळी आळी गोळा होईल. साहेब हसला. मीही हसलो. मग मी नेहमीप्रमाणे समजावून सांगितले की महिन्यातून एकदा मधले बटण दाबून बघायचे, बोट असेल तोवर वाजेल, बोट काढले की थांबेल. पण खरा धूर असला तर धूर जाईपर्यंत तो थांबत नाही. स्टुलावर उभे राहिले की ताईंचा हात बटणापर्यंत पोचेल असेही मी सांगितले.

माझी कामाची एक पद्धत आहे. बटण वाजले म्हणजे अलार्मला धूर कळतो असे नाही, म्हणून मी रद्दी कागदाची पट्टी पिळून पेटवतो, फुंकर मारून विझवतो आणि तिचा धूर अलार्मखाली धरतो. त्यासाठीची फवाऱ्याची डबी बाजारात मिळते. मला ती आवडत नाही. आतल्या खोलीतही मी पट्टी पेटवली आणि पाचही अलार्म वाजले. खाली दुकानातले चारही त्याच वेळी वाजले असणार, पण दुकान तेव्हा जेवणासाठी बंद होते आणि माझे कान वरच्या आवाजाने भरलेले होते. जोडणीनंतर प्रत्येक अलार्मचा दिवा गटात जितके अलार्म तितक्या वेळा लुकलुकतो. तो पाच वेळा लुकलुकायला हवा होता, नऊ वेळा लुकलुकला असेल. मी मोजले नाही. कार्डावर मात्र 'तपासले' असे लिहून सही केली.

खाली आल्यावर खिशात माझी काडेपेटी नव्हती. मी कोपऱ्यावरून दुसरी घेतली.

दि. ७, ८ आणि ९ रोजी दुपारी बरोबर तीन वाजता सोफ्याच्या दुकानातले चारही अलार्म वाजले. प्रत्येक वेळी दहा-बारा सेकंद. दुकानातली माणसे प्रत्येक वेळी रस्त्यावर पळाली. मावशींनी मला फोनवर सांगितले की भाऊ, तुझी घंटी मला या वयात कसरत करायला लावते. मी दि. ९ रोजी जाऊन फोमची धूळ म्हणून चारही अलार्म पुसले आणि निघून आलो. दि. १० रोजी रविवार, दुकान बंद. दि. ११ रोजी पुन्हा तीन वाजता वाजले.

त्या संध्याकाळी मी घरी चरफडत बसलो होतो. माझी पत्नी भाजी निवडत होती. तिने सर्व ऐकून घेतले आणि म्हणाली, "अहो, धुराला घड्याळ कळतं का? रोज तीनलाच? कोणीतरी दाबतंय." एकोणीस वर्षे धंदा मी करतो, आणि हे तिला सुचले.

दि. १२ रोजी, मंगळवारी, मी अडीचलाच दुकानात जाऊन बसलो. सोबत आकडेवाली डबी नेली. कुठला अलार्म आधी वाजला त्याचा नंबर त्या डबीवर येतो. तीन वाजता चारही वाजले आणि डबीवर पाच आला. दुकानातल्या अलार्मना मी अकरा ते चौदा नंबर दिले आहेत, तिथे पाच नंबर नाही. डबीवर एक बटण आहे, ते दाबले की वाजायला लावणारा अलार्म सोडून बाकीचे गप्प होतात. मी ते दाबले. दुकान एकदम शांत झाले. त्या शांततेत वरून, छताच्याही वरून, एक बारीक आवाज येत राहिला. आमच्याच चार घंटांच्या गोंगाटात तो इतके दिवस कोणालाच ऐकू आला नव्हता. मग तोही थांबला. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या आणि मी डबीकडे.

यापुढे मी जे केले ते सांगताना मला लाज वाटते, पण सांगतो. मला त्या क्षणी माझी चूक दिसली, दुसरे काही दिसले नाही. दोन गिऱ्हाइकांचे अलार्म मी एकत्र जोडले होते. असे झाले तर दोघांनाही लगेच कळवायचे हा माझा शिरस्ता आहे. म्हणून मी तीन वाजून पाच मिनिटांनी साहेबाला त्याच्या कामावर फोन केला. माफी मागितली. तुमच्या घरातून रोज तीनला बटण दाबले जाते आणि ते खाली दुकानात वाजते, असे सांगितले. मग त्याने विचारले, "कुठल्या खोलीतलं?" मी कार्ड काढून, नंबर वाचून, व्यवस्थित सांगितले की पाच, आतली खोली. तो म्हणाला की सांगितलंत ते बरं केलंत, मी बघतो.

फोन ठेवल्यावर मी जोडणी तोडण्यासाठी वर गेलो. बाहेरच्या दाराला दोन कुलुपे होती. मी दार वाजवले. आतून, दोन दारांपलीकडून, ताईंचा आवाज आला, कोण आहे. मी म्हणालो, अलार्मवाला. त्यांनी विचारले की खाली कोणाला ऐकू जाते का. मी हो म्हणालो. त्यावर त्या बोलल्या ते शब्द असे, "मग बंद करू नका. मी रोज दाबीन. कोणाला तरी घेऊन या. आणि ह्यांना कळू देऊ नका."

मी म्हणालो, नाही कळू देणार.

विचारल्यावरून सांगतो की फोन करून तेव्हा दहा मिनिटे झाली होती. विचारल्यावरून सांगतो की मी कुलूप तोडले नाही. माझ्या पिशवीत पहार होती. मला भीती वाटली. साहेब कोणत्याही क्षणी जिन्यात येईल असे वाटले, आणि माझे पाय खाली चालू लागले. जोडणी मात्र मी तोडली नाही. आकडेवाली डबी मावशींच्या शिलाई मशीनजवळ लावली आणि दुकानातून बाहेर पडलो.

दि. १३ रोजी, म्हणजे काल, सकाळी सव्वानऊला साहेबाचा मला फोन आला. आवाज नेहमीसारखाच हळू. म्हणाला, पाच नंबर खराब होता, मी काढून टाकला आहे, तुम्ही आता येण्याची तसदी घेऊ नका. मी बरं म्हणालो. मग त्याने विचारले, "तुम्ही गादी कारखान्यावर राहता ना? पहिला मजला. दुपारी वहिनी घरात एकट्याच असतात, नाही का?" माझा पत्ता माझ्या कार्डावर छापलेला आहे. वहिनी दुपारी एकट्या असतात हे कुठेही छापलेले नाही.

काल तीन वाजता दुकानात काहीही वाजले नाही. मावशी सव्वातीनपर्यंत डबीसमोर बसून होत्या. मी घरी दाराला आतून कडी लावून बसलो होतो. त्या कडीकडे बघून मला काय वाटले ते जबाबात लिहिण्यासारखे नाही. आज सकाळी मी पत्नीला तिच्या भावाकडे पोचवले. वाटेत ती एवढेच म्हणाली, "माझी सोय केलीत. तिची?" तिथून मी सरळ इथे आलो.

मी तोंडी हकीकत सांगितल्यावर मॅडमनी आधी जबाब नोंदवू आणि मग माणूस पाठवू असे सांगितले. साहेब दुपारचे जेवण घरी करतो आणि अडीचला पुन्हा कामावर जातो, ही माहिती मावशींकडून मिळालेली आहे. म्हणजे तीनला ताई घरात एकट्या, आतल्या खोलीत, बाहेरून कडी, आणि आता छताला बटणही नाही. बटण गेले ते मी साहेबाला सांगितले म्हणूनच. माझे म्हणणे एवढेच आहे की कोणीतरी जाऊन त्या जिवंत आहेत का ते बघावे. मला त्या माणसाची भीती वाटते. त्याहून जास्त भीती कालच्या शांततेची वाटते.

येथपर्यंत जबाब लिहून झाला असता, तीन वाजून दोन मिनिटांनी माझा फोन वाजला. मॅडमच्या परवानगीने मी तो त्यांच्यासमोर घेतला. फोन मावशींचा होता. त्यांच्या मागे चारही अलार्म वाजत असल्याचे मॅडमनीही ऐकले. मी डबीवरचा आकडा विचारला. मावशी म्हणाल्या, चार. चार नंबर पॅसेजमध्ये, आतल्या खोलीच्या दाराबाहेर आहे. कडी लावलेल्या खोलीतून तिथे हात पोचत नाही. दाराखालच्या फटीतून धूर पोचतो.

मी मावशींना विचारले की थांबला का. त्या म्हणाल्या, "नाही रे भाऊ. आज थांबतच नाही." मी त्यांना अग्निशमन दलाला फोन करून, पहार घेऊन माणसे वर पाठवण्यास सांगितले. मॅडम फोनवर गाडी मागवत आहेत.

माझी काडेपेटी ताईंकडे आहे. पट्टी कशी पिळायची ते त्या मला बघून शिकलेल्या आहेत. फुंकर कधी मारायची तेही मी दाखवले होते. खोलीत गादी आहे आणि पडदा आहे, आणि खालच्या मजल्यावर गोदामात फोम आहे.

जबाब मला वाचून दाखवलेला नाही, आणि आता दाखवू नये. मी बोललो तेच लिहिताना मी पाहिले आहे, ते खरे आहे, मी सही करत आहे. कुलुपे दोन आहेत आणि आतली कडी उजव्या बाजूला, वरच्या अंगाला आहे. वेळ दुपारी तीन वाजून सहा मिनिटे. अलार्म अजून वाजत आहे.