घाटात बंद पडलेली पिकअप व खालून आलेली हाक

जबाब

नाव प्रमिला सोमा भोये, वय ४१ वर्षे, धंदा पिकअप चालवणे, रा. दाभोसा, ता. जव्हार, जि. पालघर.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. पती भिवंडीकडे कामाला गेले असून त्यांचा सध्याचा पत्ता मला माहीत नाही. गाडी त्यांची आहे. जुनी असल्याने किरकोळ दुरुस्ती मीच करते.

काल मोखाड्याच्या बाजारात भाजीचा माल उतरवून दुपारी मी रिकामी गाडी घेऊन जव्हारकडे निघाले. घाटाच्या चढाला गाडीची ओढ गेली, गचके बसले आणि इंजिन बंद पडले. मी चाकांना दगड लावून बोनेट उघडले. गाडी गरम झाली नव्हती. पाणी, ऑइल बरोबर होते. सेल मारला की इंजिन जोरात फिरे, म्हणजे बॅटरी चांगली होती. पण धूर अजिबात येत नव्हता. त्यावरून डिझेल पोहोचत नाही हे मला समजले. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप दाबला तर फेस आला. पाइपाची क्लिप सैल होऊन आत हवा शिरली होती. क्लिप आवळून हवा काढत असताना दरीच्या बाजूने बाईमाणसाची हाक ऐकू आली.

मी खाली उतरले. झाडीत एक म्हातारी पडली होती. तिला कंबरेखाली हलता येत नव्हते. तिने नाव गोदी सांगितले. आदल्या दिवशी सरपण गोळा करताना ती घसरली. घरी वाट पाहणारे कोणी नसल्याने शोधायला कोणी आले नाही. ती तेव्हापासून हाका मारत होती व वरून गाड्या जात होत्या. सकाळी मोखाड्याला जाताना मीही तिथूनच गेले होते.

मी तिला पाणी पाजले. मोबाइलला रेंज नव्हती. एकटीने उचलणे जमत नव्हते. गाडी चालू करून माणसे घेऊन येते, असे मी म्हणाले. तेव्हा तिने माझा हात धरला.

"बाय, गाडी चालू नको करू. चालू झाली का माना कोनी आयकत नाय."

गाडी चालू होण्यासारखी होती. मी चालू केली नाही. रस्त्यावर उभी राहून दुसऱ्या वाहनाची वाट पाहिली व खाली तिच्याशी मोठ्याने बोलत राहिले. काय बोललात असे विचारल्यावरून सांगते की, भातकापणीचे आणि तिच्या कोंबड्यांचे बोलणे झाले. इतके बोलणे माझे बऱ्याच दिवसांत कोणाशी झाले नव्हते.

नंतर जव्हारचे इक्बाल शेख यांची प्रवासी जीप आली. त्यांनी व प्रवाशांनी तिला चादरीत घालून वर आणले व माझ्या गाडीत झोपवले. इंजिन चालू करण्याआधी मी तिला तसे सांगितले. तिने मान हलवली.

सरकारी दवाखान्यात आज सकाळी ती मयत झाली. मी बाहेर बाकावर होते. तिच्या मरणाबाबत माझा कोणावर संशय नाही.

मयत गोदी हिच्याशी माझे काही नाते नाही. तिला घ्यायला कोणी न आल्यास प्रेत माझ्या ताब्यात द्यावे, अशी माझी विनंती आहे. मी तिला दाभोशाला घेऊन जाईन.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. मी बोलले तेच यात आहे. खाली माझी सही आहे.

प्रमिला सोमा भोये