गाडी थांबत होती

आणि वर मलाच विचारतो, 'रागावलास का रे गस?' म्हणजे माणसाच्या गाडीखालचे ब्रेक काढून न्यायचे आणि मग विचारायचं, रागावलास का. तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं टोलेडोत बातमीदारी केली मी, नगरसेवक मला बघून रस्ता ओलांडायचे, एकाच माणसाच्या सांगण्यावर मी कधी एक ओळ छापली नाही, आणि मला फसवलं कोणी? शेजारच्या ड्वेन पावलाकने. तीस वर्षं माझं गवत कापायचं यंत्र स्वतःचं समजून वापरणाऱ्या ड्वेनने!

माझी गाडी एकोणसत्तरची. दोन दारांची, व्ही-एट इंजिनाची, सुरू केली की माझ्या बायकोच्या, मार्लीनच्या, कपाटातल्या बशा वाजतात. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, मागच्या चाकांना ड्रम ब्रेक, जसे कारखान्याने बसवले तसेच, आणि ड्रमवर ओतकामाची तारीख, ऑक्टोबर अडुसष्ट. तुम्ही म्हणाल, ड्रमवरची तारीख कोण बघतं? आमच्याकडे बघतात. दर जुलैत चर्चच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं, त्यात 'कारखान्यातून निघाली तशी' असा एक गट असतो, आणि त्या गटात परीक्षक लांब दांड्याचा आरसा घेऊन गाडीखाली असे बघतात, जसा दातांचा डॉक्टर तुमच्या दाढेमागे बघतो. गेल्या वर्षी तो चषक मला मिळाला. अकरा वर्षांनी मिळाला. दोन गुणांनी. दुसरा नंबर ड्वेनचा, त्याचीही गाडी अशीच, एकोणसत्तरची.

तर एप्रिलमध्ये पाऊस पडत होता, ड्वेन माझ्या शेजारी बसलेला, उताराखालचा सिग्नल लाल झाला, मी ब्रेक दाबला. आता मला सांगा, गाडी थांबली की नाही? थांबली. जरा पुढे थांबली, डोनटवाल्याच्या पाटीखाली थांबली, पण थांबत होती हो गाडी! ड्वेन मात्र दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकून बसला, आणि हळूच म्हणाला, 'गस, या गाडीत तू मार्लीनला बसवतोस?'

मार्लीनला. तिचं नाव काढलं त्याने.

'मागे पण डिस्क टाकून घे बाबा,' म्हणाला. 'किट मिळतं, दोन दिवसांचं काम, मी आहे ना.'

'आणि प्रदर्शनाचं काय?' मी म्हटलं.

'अरे, यंदा नियम बदलले ना, ब्रेकबिक, सुरक्षेच्या गोष्टी आता धरत नाहीत. तुला माहीत नाही? तू तर पेपरवाला.'

आणि मी काय म्हणालो असेन? एक फोन करायचा होता, परीक्षक लोरेटा फिंच आमच्याच गल्लीत राहते, फोनही नको, खिडकीतून हाक मारली तरी पुरे. पण मी म्हणालो, 'माहीत आहे.'

मग दोन दिवसांचं काम सुरू झालं. पहिले तीन आठवडे मी पाठीवर होतो. मागचा आस असा सरळ बाहेर येत नाही, त्यासाठी मधला गोळा, डिफरन्शियल, उघडावा लागतो, आणि त्यातलं पंचावन्न वर्षांचं तेल... त्या तेलाचा वास मी काय सांगू, मार्लीनने कपडे गॅरेजमध्येच उतरवायला लावले, मला गवतावरून नुसत्या चड्डीवर घरात जाताना सगळ्या गल्लीने पाहिलं. डिस्क बसल्या, तर चाक बसेना, चौदा इंची चाक ब्रेकच्या जबड्याला घासतं. 'पंधरा इंची घे,' ड्वेन म्हणाला. म्हणजे मूळची चाकंही गेली. चाकं बसली, तर हँडब्रेक धरेना, गाडी आपली आपण मागे सरकत पत्रांच्या पेटीपर्यंत गेली. 'लाकडाचा ठोकळा लाव,' ड्वेन म्हणाला. थांबत होती हो गाडी, आधी थांबत होती! आता ठोकळ्यावर थांबायला लागली.

पण जुने ड्रम? ते ड्वेनने उचलले. 'हे भंगार मी टाकून येतो, मला तिकडे जायचंच आहे.' आणि मी, मी स्वतः, ते त्याच्या पिकअपमध्ये चढवायला हात लावला. 'सांभाळून, कंबर धरेल तुझी,' असंही म्हणालो.

जुलै आला. लोरेटाबाई आल्या, माझ्या गाडीखाली आरसा सरकवला, एकदा डावीकडे फिरवला, एकदा उजवीकडे. मग म्हणाल्या, 'गस, हे काय केलंस?'

'नियम बदललेत ना,' मी म्हटलं.

'कोणते नियम? नियम मी लिहिते.' आणि वहीत माझं नाव खोडून 'फेरफार केलेल्या गाड्या' या गटात टाकलं. माझ्या शेजारी जांभळी गाडी, तिच्या छतावर ज्वाळा रंगवलेल्या.

मग त्या ड्वेनच्या गाडीकडे गेल्या, वाकल्या आणि मोठ्याने वाचलं, 'मागचे ड्रम, ऑक्टोबर अडुसष्ट. वा ड्वेन, गेल्या वर्षी इथेच तुझे दोन गुण गेले होते. मिळाले वाटतं योग्य सालचे?'

'मिळाले,' ड्वेन म्हणाला. 'शोधले की मिळतात.'

शोधले! माझ्या गाडीखाली शोधले! मी त्याच्याकडे बघतोय, तो हातातल्या चषकाकडे बघतोय, आणि मार्लीन, जिच्या जिवासाठी हे सगळं झालं, ती टाळ्या वाजवतेय, कारण तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

मंगळवारी ड्वेन दारात हजर, तोच प्रश्न घेऊन, रागावलास का. मी म्हटलं, 'माझे ड्रम दे.' तर म्हणतो, 'अरे, ते इंडियानाच्या एका माणसाला विकायचे कबूल केलेत. चषक झाला ना आता, मलाही मागे डिस्कच टाकायच्यात. तुझी गाडी काय झकास थांबते रे! शनिवारी ये, ब्रेकमधली हवा काढायची आहे.'

ते काम एकट्याने होत नाही. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली झोपून स्क्रू सैल करायचा, आणि वरच्याने मध्येच पाय उचलला की सगळी हवा पुन्हा आत. मी ठरवलं होतं, जायचंच नाही. शनिवारी सकाळी त्याच्या गाडीत बसलो होतो.

'दाब,' खालून आवाज आला. दाबलं.

'धर.' धरलं.

'सोडू नकोस हं गस, मी सांगेपर्यंत.'

नाही सोडलं. माझ्याही गाडीचं पेडल परवापासून मऊ लागतंय, म्हणजे तिथेही हवा शिरलीय, आणि ते दाबायला मला तरी त्याच्याशिवाय दुसरं कोण आहे?