आठ मिलिमीटरची फट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या गॅरेजचे मालक माननीय सूर्यकांतअण्णा, महिला मंडळाच्या वतीने आलेल्या प्रमुख पाहुण्या शिवलीलाअक्का, एकतीस वर्षांच्या सेवेनंतर आज निरोप घेणारे ज्येष्ठ मेकॅनिक हरीमामा, शाळेच्या व्हॅन चालवणारी आपली मंडळी, आणि सहकारी बंधुभगिनींनो,

मी सुट्या भागांच्या काउंटरवर बसते. माझा आवाज बहुतेकांनी ऐकलेला नसेल, कारण चार वर्षांत मी त्या खिडकीतून वस्तू आणि पावती यांखेरीज फारसे काही बाहेर दिलेले नाही. म्हणून लिहून आणले आहे.

माझ्याआधी आपला सहकारी विराट बोलला. शेवटी म्हणाला, "मामा, बनशंकरीत स्वतःचं गॅरेज टाकताय, छान. पण फिल्टर नवा घाला हं, झाडून नको." सभागृह हसले. मामाही हसले, ओठांवर हात ठेवून. ते नेहमी तसेच का हसतात, हे नव्या मंडळींना ठाऊक आहे काय? त्यांचे समोरचे दोन दात नाहीत. ते कसे गेले हे सांगितल्यावाचून त्यांचा गौरव मला करता येणार नाही.

केबिन फिल्टर म्हणजे डॅशबोर्डच्या खणामागे बसणारी, गाडीत येणारी हवा गाळणारी घड्यांची चौकट. तो कसा निवडावा हे मला मामांनी शिकवले. आधी खाचेचे माप घ्यावे. धुराचा, वासाचा त्रास असेल तर कोळशाचा थर असलेला घ्यावा. बसवताना बाणाची दिशा पाहावी. आणि जुना फिल्टर कॉम्प्रेसरने झाडून कधीही परत घालू नये; झोताने त्याची जाळी फाटते आणि वरून तो स्वच्छच दिसत राहतो. हे शिकवणाऱ्या माणसावर झाडलेला फिल्टर घातल्याचा आरोप आहे.

दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरमध्ये, मामांनी प्राणेशदादांच्या व्हॅनला नवा फिल्टर बसवला. तीन आठवड्यांनी दादा गॅरेजात शिरले ते जॅकचा दांडा घेऊन. ते इथे तिसऱ्या रांगेत आहेत. त्यांनी राग मानू नये. त्यांची सात वर्षांची कावेरी पुढच्या सीटवर, हवेच्या झडपेसमोर बसत असे. त्या सकाळी तिला दम लागला, ओठ निळे पडले. ती ऑक्सिजनवर होती.

पहिला दांडा माझ्या काउंटरच्या काचेवर बसला. दुसरा मामांच्या गुडघ्यावर. मग दादांनी खण उचकटून फिल्टर अण्णांपुढे फेकला. एक कड काळी, घड्या चेपलेल्या.

"अण्णा, हा जुना आहे. तुमच्या माणसानं फुंकून घातला. माझी पोर तिकडे मरतेय."

"हरी, काय रे हे?" अण्णांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता चाकाचा पाना मामांच्या तोंडावर मारला.

अध्यक्ष महोदय, आपला उल्लेख टाळता आला असता तर मी टाळला असता.

पाना पुन्हा उतरला तो खांद्यावर. हाड मोडताना लाकडी खोके फुटल्यासारखा आवाज होतो, हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. मामा पडले. पडलेल्या माणसाच्या बरगडीत लाथ बसली. आम्ही अकरा जण उभे होतो. एकही मध्ये पडला नाही. मामांनी रक्त थुंकले, त्यासोबत दोन दात ग्रीसमध्ये पडले.

"सरी अण्णा, स्वल्प थांबा," ते म्हणाले, म्हणजे कानडीत 'बरं, जरा थांबा'. "माझी चूक."

सभाजनहो, चूक त्यांची नव्हती. फिल्टर नवा होता आणि तो मी दिला होता. बसवण्याआधी मामा तो घेऊन खिडकीशी परत आले होते.

"सिद्धी, सैल बसतोय गं. बाजूनं बोटाचं टोक जातंय."

मी यादी पाहिली. "क्रमांक बरोबर आहे, मामा."

"क्रमांक असेल. पण बोट जातंय ना?"

"छापलेलं आहे, मामा."

"बरं बाई. शाळेत पहिल्या नंबरानं पास झालेल्या पोरीशी कोण भांडणार," म्हणाले आणि गेले.

यादी आधीच्या वर्षीच्या मॉडेलची होती. चौकट आठ मिलिमीटरने अरुंद. सैल हलून तिच्या घड्या चेपल्या आणि फटीकडची कड काळी पडली, म्हणून नवा फिल्टर जुना दिसला. त्या फटीतून तीन आठवडे पीण्याची धूळ, लोखंडाच्या भुग्यासकट, न गाळता कावेरीच्या तोंडावर येत राहिली. मारहाणीच्या त्याच संध्याकाळी मी मोजपट्टी लावून हे मोजले, आणि गप्प राहिले.

मामांच्या जबड्याला तारा बांधल्या होत्या तेव्हा मी विचारले, "माझं नाव का नाही घेतलंत?"

दातांतूनच बोलले, "पाना उचललेल्या माणसाला नाव ऐकू येत नाही गं. तू पुढे आली असतीस तर दोघं पडलो असतो. नंतर सांग."

नंतर म्हणजे केव्हा? मला दोन वर्षे लागली. सोमवारी बनशंकरीत मामांचे गॅरेज उघडते आहे, आणि व्हॅनवाल्यांपैकी एकानेही गाडी पाठवण्याचा शब्द दिलेला नाही. "झाडून घालणारा हरी" हे नाव त्यांच्याआधी तिथे पोचले आहे.

प्राणेशदादा, कावेरी आता बरी आहे, शाळेत धावते, हे ऐकून समाधान वाटते. त्या सकाळचा जाब मला विचारा. दांडा घेऊन आलात तरी मी खिडकीबाहेर उभी असेन. मात्र गाडी मामांकडे न्या. अण्णा, आपण मला नोकरी दिलीत; ती उद्या राहील की नाही, हे आपणच ठरवावे.

बोलू दिल्याबद्दल आयोजकांचे, शिवलीलाअक्कांचे आणि इतका वेळ न कुजबुजता ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे मी आभार मानते. शब्द मागेपुढे झाले असतील, वेळ अधिक घेतला असेल, तर ते मोठ्या मनाने पोटात घालावे. ते आठ मिलिमीटर मात्र पोटात घालू नयेत. ते माझ्या नावावर राहू द्यावेत.

अण्णा, मामांसाठी आणलेली शाल अजून आपल्या हातात आहे. ती पांघरण्याआधी आपल्याला त्यांच्याशी दोन शब्द बोलायचे असतील. माइक मी बंद करत नाही, आपल्यापुढे ठेवते आहे.