एका तरुण पोराची जागा

तुम्हाला सांगते, त्या दिवशी मला लई राग आला. मी एक्केचाळीस वर्षांची, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. तेर गावाहून धाराशिवला येणारी एसटी उशिरा आली आणि वर्गात पोचायला दहा मिनिटं उशीर झाला. सर सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "बाई, या वयात कशाला जागा अडवता? एखाद्या तरुण पोराला मिळाली असती."

मी दारातूनच म्हणाले, "सर, बारावीनंतर घरात एकालाच शिकवायची ऐपत होती. तवा माझी जागा तरुण पोरालाच दिली, माझ्या भावाला. आता न्हाय देणार."

सरांनी माझी गैरहजेरी मांडली. मी तरी पहिल्या बाकावर जाऊन बसले आणि तास संपेपर्यंत त्यांच्याकडंच बघत राहिले.