नळीवरचा गंज

डोळ्यांत औषध घालून दवाखान्याच्या बाकावर बसवलेल्या आजींना काही दिसत नव्हतं. कान मात्र धड होते. शेजारी बंदुका बनवणारा एक म्हातारा आणि त्याची बायको कुजबुजत होती.

"अहो, रागावणार नसाल तर सांगते. ती ठासणीच्या बंदुकीची नळी होती ना, खिडकीशी टांगलेली?"

"होती म्हणजे?"

"आहे हो. गंजून लाल झाली होती. म्हटलं, ह्यांच्याने आता होत नाही, आपणच घासावी. आता कशी आरशासारखी चमकते!"

"घासलीस? सगळा गंज काढलास?"

"काढला की! एवढं काय झालं?"

"अगं, तो गंज मी मुद्दाम चढवला होता. औषध लावायचं, गंज येऊ द्यायचा, सुटा तेवढा झाडायचा, परत लावायचं. तेव्हा कुठे नळीवर बदामी रंग बसतो आणि लोखंड टिकतं."

"अगंबाई! मला मेलीला काय ठाऊक?"

"दस्ता, घोडा, गारगोटी, सगळं बसवून तयार होतं. नळीचा रंगच काय तो राहिला होता. शेवटची बंदूक माझी."

"मग परत चढवा. मी औषध लावते, तुम्ही नुसतं बघा."

"कशाने बघू? गेलेली नजर परत यायची नाही म्हणाले ना डॉक्टर?"

"मग रंग बसला की मी सांगते."

"जन्मभर तू त्याला घाण म्हणालीस. आता रंग कुठला नि गंज कुठला, कसं ओळखशील?"

"एकदा तरी जवळ बसवून दाखवलंत?"